खांबावरची काच

टच्.

एवढाच आवाज. नखानं नख मोडावं तसा. दुपार होती, खारू झोपली होती, आणि ती शांतता मी इतक्या जपून मिळवली होती की ओट्यावर वाटी ठेवतानासुद्धा आधी करंगळी टेकवायची आणि मग वाटी, असं चाललं होतं. मुलीच्या झोपेतून चोरलेला तेवढा तास माझा असतो. त्यात मी काही मोठं करत नाही. कधी दोन ओळी लिहिते, कधी नुसती खिडकीशी उभी राहते. त्या दिवशी उभीच होते. आवाज झाला आणि मी जागेवरूनच घरातली एकेक वस्तू मनात चाचपली. फ्रिज असा वाजत नाही, तो आधी कण्हतो. कपाटाचं दार फुगलंय, ते कुरकुरतं, पण ते ओल्या लाकडाचं कुरकुरणं. हा आवाज कोरडा होता. कोरडा, बारीक, आणि एकदाच झालेला. जो आवाज पुन्हा होतो त्याची सवय होते, त्याला काहीतरी नाव ठेवता येतं. एकदाच झालेला आवाज मात्र माणसाला पोखरत राहतो: झाला, की मला वाटलं?

आवाज हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सकाळी मी कानाच्या दवाखान्यात जाते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर जाड टोप्या चढवायच्या, हातात एक बटण द्यायचं, आणि काचेच्या अलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबा. गंमत अशी, की काही माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. मी हात मांडीवर ठेवून बसलेली असते, यंत्र गप्प असतं, आणि आतले आजोबा लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत दाबतात. त्यांना ऐकू आलेलं नसतं. ऐकू यावं असं वाटत असतं. मला बरं वाटावं असंही वाटत असतं. उलट जातीचीही माणसं असतात: आवाज कानात घुमतोय, भुवई हललेली मला दिसते, पण बोट हलत नाही. त्यांना ऐकू येतंय हे त्यांना नकोच असतं. त्या दुपारी खिडकीशी उभी असताना मी यातली कुठली, हे मलाच कळेना.

खारूच्या खोलीत गेले. ती पालथी झोपली होती, एक हात पलंगाबाहेर, कोपऱ्यातल्या खांबाच्या दिशेनं लोंबकळलेला, मूठ अर्धी उघडी. आधी मी नेहमीचं काम केलं: तिच्या नाकाशी कान नेला. ती जन्मली तेव्हापासूनची ही खोड. पहिल्या महिन्यात मी इतक्यांदा तिचा श्वास ऐकायची की सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला श्वास घ्यायला जरा हवा तरी ठेव." श्वास होता. कोमट, दुधाचा वास असलेला. मग मी मान वर केली आणि खांबावरची काच पाहिली. मधोमध, केसासारखी एक रेघ. रेघेच्या अलीकडचा भाग आणि पलीकडचा भाग एकमेकांशी अगदी जरासे न जुळणारे, जसे भांडण झालेल्या माणसांचे खांदे.

त्या काचेबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीचा एक खांब खारूच्या खोलीच्या कोपऱ्यातून वर जातो. त्याची एक बाजू आमच्या घरात, दुसरी जिन्यात. त्याच्या मागून पाण्याचा नळ उतरतो, सगळ्यांचा, आणि तो कित्येक वर्षं गळतोय. आधी खांबाला घाम आल्यासारखं दिसायचं. मग रंग फुगला, मग गिलावा खपल्या धरल्यासारखा सुटला, आणि एक दिवस आतली सळई दिसली, गंजून फुगलेली. त्यानंतर एक उभी भेग. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. ते दातांचे डॉक्टर. तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आहे आणि हाच खांब त्यांच्या खुर्चीमागून जातो, सुंदर लाकडी आवरणात झाकलेला. ते म्हणाले, "वहिनी, खांबाची आतली बाजू तुमची. बाहेरची सोसायटीची."

"आणि मधली?" मी विचारलं.

ते खूप हसले. नंतर कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते, की मधल्या मजल्यावरच्या वहिनी मोठ्या विनोदी आहेत. मी विनोद केला नव्हता.

मग फेऱ्या सुरू झाल्या. मी ज्याच्या त्याच्या दारात उभी. कुणी म्हणायचं, पुढच्या सभेत बघू. कुणी म्हणायचं, इमारत म्हटली की भेग आलीच, तुमच्या-आमच्या चेहऱ्याला नाही का येत? डॉक्टर म्हणायचे, "हलतोय म्हणून लगेच दात काढायचा नसतो, वहिनी. आधी धीर धरायचा." माझ्या डोक्यात मात्र तो खांब दिवसभर उभा. दवाखान्यात, भाजी घेताना, खारूची वेणी घालताना. तिचे केस विंचरताना मधला भांग पडला की मला भेग दिसायची आणि मी भांग मोडायची. ती म्हणायची, "आई, भांग कुठे गेला?" शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून सोसायटीनं एक इंजिनिअर बोलावला. शांत, उंच माणूस. त्यानं भेगेवर बोट फिरवलं, जसं मी खारूच्या तापलेल्या कपाळावर फिरवते. मग भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटचा एकेक ठिपका दिला आणि त्यांच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी बसवली. म्हणाला, "काच ताणत नाही. खांब केसभर सरकला तरी ही फुटेल. नाही फुटली तर भेग जुनी, झोपलेली आहे. सावकाश दुरुस्त करा. फुटली तर मला बोलवा. मी आधी खालपासून टेकू लावीन, मग बाकीचं बोलू." खारू त्याच्या पायाशी उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "काका, काचेला दुखेल का?" तो म्हणाला, "तिचं कामच ते आहे." तेव्हापासून खारूनं त्या काचेला कधी हात लावला नाही. पलंगावरून उतरताना ती तिच्याकडे पाठ करायची नाही, एवढा मान.

आणि आता काच फुटली होती. मी पलंग खारूसकट ओढत दारापर्यंत आणला. पाय फरशीवर करकरले तरी ती उठली नाही. मग सुचलं की पलंग दारात आणून काय उपयोग, खांब काय फक्त खोली धरून उभा आहे? वर मजले आहेत, त्यांच्यावर पाण्याची टाकी. मी त्या खोलीत पाय हलके करून चालायला लागले. माझ्या वजनानं काही होईल असं वाटत होतं. नवऱ्याला फोन लावला. तो औषधांच्या गोदामात पाळीवर असतो, मागे खोकी आपटल्याचे आवाज येत होते.

"फुटली म्हणजे? कशानं?"

"कशानं काय? आपोआप. मी ऐकली."

"नक्की ऐकलंस?"

हे तो प्रेमानंच विचारत होता. पण त्या 'नक्की'नं माझ्या कानात बोट घातलं. मी दिवसभर लोकांना हेच विचारते. नक्की आला का आवाज? आणि माणूस गडबडतो.

संध्याकाळी डॉक्टर वर आले, अंगावर दवाखान्यातला पांढरा कोट तसाच. त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरच्या काकू, गणिताच्या शिकवण्या घेतात त्या, बोटांना खडू. त्यांच्या मुलानं त्यांना आपल्याकडे बोलावलंय, घर विकायला काढलंय, बघायला माणसं यायची आहेत. नवरा नुकताच येऊन मोजेही न काढता उभा होता. मी सांगितलं: दुपारी आवाज झाला, मी खिडकीशी होते, खारू झोपली होती, काच फुटलेली होती. इंजिनिअरला बोलवा. डॉक्टर उकिडवे बसले, खिशातला छोटा टॉर्च काढला आणि काचेत असे बघू लागले, जणू ती 'आ' करून बसलीय. काकू उभ्यानंच म्हणाल्या, "टेकू म्हणजे त्या लोखंडी नळ्या ना? दारात उभ्या करतात त्या? त्या बघून कोण घर घेईल हो?"

"माझ्या खुर्चीत टेकू लावला तर पेशंट तोंड उघडेल की नाही कोण जाणे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा टॉर्च खाली उतरला, पलंगाच्या जुन्या जागेकडे, आणि तिथं थांबला. तिथं खारूचा रबरी चेंडू होता. पिवळा, एका बाजूला चावलेला.  खोलीतली हवा बदलली. मला ते अंगावर जाणवलं. सगळ्यांचे श्वास एकाच वेळी जरासे सैल झाले. त्यात एक श्वास माझ्या नवऱ्याचा होता. आणि हे लिहिताना कशाला लपवू, एक माझाही होता.

"चेंडू तिथं आठवडाभर पडलाय," मी म्हणाले.

"असेल, असेल." डॉक्टर उठले. गुडघे वाजले. "बाळा, इकडे ये. काच कोणी फोडली? खरं सांगितलं तर कोणी रागावणार नाही हं. आणि हे बघ, कोणी फोडली असेल ना, तर खांब एकदम चांगला आहे. मग कोणाला घाबरायचं कारण नाही. आईलासुद्धा नाही."

माझ्या आईचं एक होतं. घरात काही फुटलं की ती आधी विचारायची, "कुणाला लागलं नाही ना?" कुणी फोडलं हे नंतर, आणि बहुतेक वेळा ते विचारायचंच राहून जायचं. त्या संध्याकाळी मला ती इतकी आठवली की दाराकडे बघितलं. खारू दोन्ही हात मागे बांधून उभी होती. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, काकूंच्या खडूच्या बोटांकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. माझ्याकडे सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं. बंद खोलीतले आजोबा काचेपलीकडून बघतात, अगदी तसं. आणि मी, जिला हे बघणं रोज भेटतं, मी ते ओळखलं आणि तोंड उघडायच्या आत तिनं बटण दाबलं.

"मी."

"बघा!" काकूंनी टाळीच वाजवली, खडूची भुकटी उडाली. "मी म्हणतच होते!"

"ती झोपली होती," मी म्हणाले. "काकू, ती झोपली होती हो. मी तिचा श्वास ऐकला."

"अहो वहिनी, लेकराच्या तोंडून खोटं निघत नाही. साप साप म्हणून भुई किती धोपटायची? रात्रंदिवस त्या खांबाकडे बघून बघून तुम्हाला आता काहीही ऐकू यायला लागलंय." डॉक्टर खरंच मायेनं बोलत होते. त्यांनी कोटाच्या खिशातून एक नवा टूथब्रश काढून खारूच्या हातात दिला, गुलाबी, मुठीवर ससा असलेला. "खरं बोलल्याचं बक्षीस." खारूनं तो दोन्ही हातांनी धरला. नवरा हसला. किती दिवसांनी असा हसला. ते गेल्यावर म्हणाला, "अगं, सुटलो म्हण. आपल्याला इथंच राहायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मी म्हटलं, "पाणीच तर खांबात शिरतंय." त्याला ते ऐकू आलं, भुवई हलली. बोट हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून परत आले तर खांबावर नवी पट्टी बसलेली. डॉक्टरांनी स्वतः, हौसेनं, दात चिकटवायच्या कसल्याशा मसाल्यानं बसवली होती. कडा किती सुबक. फुटक्या काचेचे तुकडे मुलीला लागू नयेत म्हणून तेच काढून घेऊन गेले होते. मी पट्टीवर नख मारलं. आवाज आला नाही. म्हणजे आला, पण बुजलेला. प्लास्टिक होतं. जिन्यात डॉक्टर भेटले, छाती पुढे. "कशी झाली? आता खारूनं कितीही चेंडू मारू दे. ही फुटायचीच नाही."

 ते थट्टा करत नव्हते. शिकलेला, चांगला माणूस. गेल्या वर्षी खारूला ताप आला तेव्हा गाडी काढून आम्हाला घेऊन गेलेला. वरून खाली येणारे-जाणारे सगळे आता त्या पट्टीचं कौतुक करून जात. आमच्या घराचं दार उघडं दिसलं की कुणीतरी आत डोकावायचं, पट्टी शाबूत बघायचं आणि म्हणायचं, "आहे ना? झालं तर!" मला वाटलं, ओरडावं. ओरडले असते तर त्या आवाजानंच काहीतरी हललं असतं, अशी भीती. भीती आता अशी कुठेही शिरायची. भात शिजताना झाकण थडथडलं की मी गॅस बंद करायची. वरच्या काकूंकडे शिकवणीची मुलं आली की त्यांची पावलं मी छताखाली उभी राहून ऐकायची, कोण धावतंय, कोण उडी मारतंय. खारूला मी आमच्या खोलीत झोपवायला लागले, भिंतीच्या कडेला, मग मध्ये, मग परत कडेला. कुठली कडा बरी हे कळेना. आणि दवाखान्यात, यंत्र गप्प असताना, मला 'टच्' ऐकू यायचं. समोरचा माणूस शांत बसलेला असायचा. हात माझाच हलायचा.

इंजिनिअरला मीच फोन केला. "ताई, सेक्रेटरींनी कळवलं की मुलीनं काच फोडली," तो म्हणाला. "तसं असेल तर त्या काचेनं काहीच सांगितलेलं नाही. दुसरी लावलीय ना?"

"लावलीय. प्लास्टिकची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"प्लास्टिक ताणलं जातं, ताई."

"माहीत आहे."

"मुलीला त्या खोलीत झोपवू नका." मग म्हणाला, "मला सोसायटीनं बोलावल्याशिवाय खांबाला हात लावता येत नाही. पण ज्यांच्या घरात काच होती त्यांनी सभेत सांगितलं, की मुलीनं फोडली नाही, आपोआप फुटली, तर त्यांना मला बोलवावंच लागेल. तेवढं कराल?"

तेवढं. म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की माझी मुलगी खोटं बोलली. ज्या मुलीला खरं बोलल्याबद्दल बक्षीस मिळालं, जी रोज सकाळी तो सशाचा ब्रश तोंडात घालून आरशात स्वतःकडे शहाण्यासारखं बघते, तिला घेऊन उद्या जिना उतरायचा आणि ज्याला त्याला म्हणायचं, ही खोटारडी आहे, हिच्या बोलण्यावर निवांत झोपू नका. नाहीतर गप्प बसायचं, आणि तो टूथब्रश झिजेपर्यंत वाट बघायची.

सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी, खाली गाड्या लावतात तिथं. विषय: इमारतीला बाहेरून कुठला रंग द्यायचा. जिन्यातून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, काकूंचा आवाज, "पिवळट नको बाई, आजारी दिसतं." नवरा आधीच उतरला होता. जाताना दारात थांबून म्हणाला होता, "बोलणार आहेस का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बोल. मी बाजूला उभा राहीन."  मी खारूला दाराशी बसवलं आणि तिच्या बुटाचा पट्टा लावायला लागले. तिला न सांगता खाली नेणं बरोबर नव्हतं.

"खारू, काच तू फोडलीस?"

"हो."

"तू तर झोपली होतीस."

"झोपेत फोडली."

"कशानं?"

तिनं विचार केला. "स्वप्नानं."

"मला खरं सांग. मी रागावणार नाही." बोलले आणि जीभ चावली. हेच वाक्य तिला एकदा मिळून चुकलं होतं.

ती बुटाकडे बघत म्हणाली, "डॉक्टरकाका म्हणाले ना, कोणी फोडली असली तर खांब चांगला. पण फोडणारं कोणीच नव्हतं. तुला रडू येत होतं. म्हणून मी झाले."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या छातीतलं धडधडणं माझ्या कानापर्यंत आलं, लहानसं, भरभर. तिच्या खांद्यावरून मला खोलीचं उघडं दार दिसत होतं, खांब, त्याच्यावरची ती चकचकीत पट्टी. उन्हात ती मधोमध जराशी पांढुरकी दिसत होती, प्लास्टिक ओढलं की होतं तशी. की ऊनच तसं पडलं होतं? मी उठून बघायला गेले नाही.

"मी खाली जाऊन सगळ्यांना सांगणार आहे," मी म्हणाले, "की खारूनं काच फोडली नाही. खारू खूप चांगली आहे, तिनं आईसाठी तसं म्हटलं. तू माझा हात धरून उभी राहा. चालेल?"

खालून डॉक्टरांची हाक आली, "वहिनी, येताय ना? तुमच्यासाठी थांबलोय! रंग तुम्हीच ठरवा!" आणि सगळे हसले.

खारूनं मान डोलावली, मग मध्येच थांबवली. पट्टा लावायचा दुसरा पाय तिनं मागे घेतला. तिच्या कपाळावर ती बारीक आठी पडली, गणित सोडवताना पडते तशी, आणि ती अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"मी फोडली म्हटलं तेव्हा खांब चांगला झाला. आता तू खरं सांगितलंस, की मग तो पडणार का, आई?"